वायर पोचत नाही? मग हवेतून या, दादा!

परीक्षेचा फॉर्म भरायच्या शेवटच्या रात्री तुम्ही कधी फोन हातात धरून अंगणभर फिरलायत? माझी मावसबहीण फिरलीये. संगमेश्वर तालुक्यातल्या तिच्या वाडीत तीसेक घरं आहेत. खाली बाजारपेठेत फायबर आलंय, पण वाडी सड्याच्या पलीकडे. रेंज हवी तर सड्यावर चढायचं आणि एका ठरावीक कातळावर जाऊन बसायचं. त्या रात्री तीही वाट पाऊस आणि अंधारामुळे बंद होती.

पेठेतला नेटवाला दादा आधी केबल टीव्ही चालवायचा, मग त्याने घरोघरी फायबर टाकली. दिवाळीत मी त्याला विचारलं, वाडीत कधी येणार? तो म्हणाला, "अगं, खांब हवेत, परवानग्या हव्यात. एवढं करून रस्त्याचं काम निघालं की जेसीबी एका फटक्यात केबल तोडणार. तीस घरांत ते वसूल कधी व्हायचं?" आता तो वायरलेसचा विचार करतोय. माझं मत विचाराल, तर त्याने ते करावंच. पण एका अटीवर.

आधी हे चालतं कसं ते बघू. पेठेतल्या गच्चीवर एक रेडिओ, सड्यावरच्या पाण्याच्या टाकीवर दुसरा, दोघांची तोंडं समोरासमोर. टाकीवरून खाली वाडीत सिग्नल सोडायचा आणि घराघराच्या छपरावर ताटाएवढा अँटेना लावायचा. यासाठी ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वापरतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने या पट्ट्याचा मोठा भाग उघड्यावर वापरण्यासाठीही लायसन्समुक्त केला. म्हणजे लहरींसाठी लिलाव नाही, कोटींची बोली नाही. इंटरनेट विकायचं लायसन्स मात्र लागतंच, नाहीतर लायसन्स असलेल्या कंपनीशी करार करावा लागतो. हे काही स्वप्नरंजन नाहीये. आयआयटी मुंबईच्या 'ग्राम मार्ग' प्रकल्पाने पालघर जिल्ह्यातल्या गावांत वायरलेसनेच नेट पोचवून दाखवलंय.

अडचणी आहेतच. फुकटच्या लहरी म्हणजे सगळ्यांच्याच. उद्या शेजारी दुसऱ्याने रेडिओ लावला की गोंधळ सुरू. मध्ये आंब्याचं झाड आलं तर सिग्नल अडतो, पावसात पानं भिजली की आणखीच. लाइट गेली की टाकीवरचा रेडिओ बंद, म्हणून बॅटरी आणि सोलर पॅनल हवं. पण हे सगळं पैशाने आणि मेहनतीने सुटतं.

खरी अडचण हावेची आहे. समजा, टाकीपर्यंत १५० एमबीपीएस पोचतं. वाडीतली ३० घरं जोडली आणि रात्री नऊला त्यातली १० घरं एकदम नेटवर आली, तर प्रत्येकाला १५ एमबीपीएस मिळेल. व्हिडिओ लेक्चर आरामात चालेल. पण त्याच टाकीवरून दादाने आजूबाजूच्या वाड्या जोडत १५० घरं केली, तर रात्री ५० घरं एकदम येणार आणि वाट्याला उरणार ३ एमबीपीएस. गंमत म्हणजे कागदोपत्री तेही ब्रॉडबँडच! कारण २०२३ पासून सरकारी व्याख्येत किमान २ एमबीपीएस पुरे आहे. जाहिरातीत मात्र '५० एमबीपीएसपर्यंत' छापलेलं असेल. त्या 'पर्यंत'मध्येच आपण सगळे अडकतो.

म्हणून माझी अट एवढीच: दादा, घरं वाढवायच्या आधी टाकीवरचा रेडिओ वाढव. आणि ते परवडत नसेल तर पुढच्या वाडीला 'आत्ता नाही' म्हण.

तुम्ही म्हणाल, कशाला ही खटपट? एखादी मोठी कंपनी फाइव्ह-जी घेऊन येईलच की. येईलही. पण तीस घरांची वाडी तिच्या यादीत कितवी असेल? आणि रविवारी नेट गेलं तर तिचं कॉल सेंटर एक दाबा, दोन दाबा सांगत बसेल. दादाचं घर आपल्याला माहीत असतं. लहान असण्याचा त्याचा हाच फायदा आहे, तो त्याने घालवू नये.

आणि आपण काय करायचं? 'गावात नेट नाही यार' हे स्टेटस पुष्कळ झालं. या सुट्टीत घरी जाल तेव्हा कनेक्शन घ्यायला तयार असलेल्या घरांची यादी करा आणि तुमच्या भागातल्या नेटवाल्याकडे जा. त्याला तीन प्रश्न विचारा: एका रेडिओवर किती घरं जोडणार? रात्री नऊला किती स्पीड मिळेल? लाइट गेल्यावर नेट किती तास चालेल? सरळ उत्तरं मिळाली तर यादी त्याच्या हातात द्या.

मावसबहिणीने तिच्या वाडीची यादी केलीये. एकवीस घरं तयार आहेत. दादा, आता चेंडू तुझ्या गच्चीवर आहे.