मर्यादा म्हणजे उद्दिष्ट नव्हे

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या पश्चिम किनाऱ्यावर उन्हाळा म्हणजे स्कॅलपचा हंगाम. स्टीनहॅची, क्रिस्टल रिव्हर, होमोसासा ही एरवी शांत असलेली छोटी गावे जून-जुलैत माणसांनी भरून जातात. वर्षाचे बाकीचे महिने रेडफिश आणि सी-ट्राउटसाठी गळ टाकायला नेणारे चार्टर बोटीचे गाइड या दिवसांत कुटुंबेच्या कुटुंबे उथळ समुद्रात नेतात. डोळ्यांवर मुखवटा, तोंडात श्वासनळी, हातात जाळीची पिशवी, की झाले. पाण्याखालच्या गवतात दडलेले शिंपले हाताने वेचायचे. लहान पोरालाही जमेल अशी ही मासेमारी आहे. मात्र ती इतकी सोपी असणे हीच तिची अडचणही आहे.

हा शिंपला म्हणजे बे स्कॅलप. शास्त्रीय नाव आर्गोपेक्टेन इरेडियन्स. त्याच्या कडेने निळ्या, मण्यांसारख्या डोळ्यांची रांग असते. माणसाची चाहूल लागली की तो दोन्ही शिंपा फटाफट मिटून पाणी मागे फेकतो आणि उडी मारल्यासारखा पोहत निघून जातो. या पोहण्यासाठी त्याच्याकडे एक जाड, पांढरा स्नायू असतो. माणूस खातो तो एवढाच. बाकीचे शरीर फेकून दिले जाते.

फ्लोरिडातील बे स्कॅलपचे आयुष्य साधारण एक वर्षाचे असते. शरद ऋतूत पाणी थंड होऊ लागले की तो मुख्यत्वे अंडी सोडतो आणि त्यानंतर बहुतेक जीव मरतात. एकाच शरीरात नर आणि मादी दोन्ही असतात, पण फलन मात्र उघड्या पाण्यात होते. शेजारी दुसरा स्कॅलप नसेल तर लाखो अंडी वाया जातात. म्हणजे पुढल्या वर्षीचे पीक यंदा किती शिंपले उरले यावर जसे अवलंबून आहे, तसेच ते किती दाटीने उरले यावरही.

आता हंगामाच्या तारखा पाहाव्यात. स्टीनहॅचीच्या परिसरात हंगाम १५ जूनला उघडतो, त्याच्या दक्षिणेच्या सिट्रस आणि हर्नांडो परगण्यांत १ जुलैला. दोन्हीकडे मोठी गर्दी शाळांच्या उन्हाळी सुट्टीत असते. म्हणजे जवळपास सगळी वेचणी अंडी घालण्याच्या आधी होते. ज्या प्राण्याला जन्मात एकच मोठी वीण लाभते, त्याला ती लाभण्यापूर्वी उचलले जाते. हे वाक्य कठोर वाटेल, पण जीवशास्त्र तसेच आहे.

राज्याला हे ठाऊक नाही असे नव्हे. व्यापारी स्कॅलप मासेमारी तेथे १९९४ पासून बंद आहे. हौशी माणसालाही दिवसाला शिंपल्यासकट दोन गॅलन, म्हणजे सुमारे साडेसात लिटर, किंवा सोललेले मांस एक पाइंट, म्हणजे जेमतेम अर्धा लिटर, एवढीच मुभा आहे. बोटीवर माणसे कितीही असोत, दहा गॅलनच्या पुढे जाता येत नाही. स्टीनहॅचीच्या पट्ट्यात जूनच्या उरलेल्या पंधरवड्यात ही मर्यादा निम्मी, एक गॅलनच असते. शिवाय वन्यजीव खात्याचे शास्त्रज्ञ दरवर्षी ठरावीक जागी पाण्यात उतरून शिंपले मोजतात. नियम, मोजणी, परवाना असे सगळे तेथे आहे.

उणीव आहे ती दुसरीकडे. दोन गॅलन ही कायद्याची वरची रेघ. ती हळूहळू सहलीचे उद्दिष्ट बनली आहे. पैसे मोजून आलेल्या पाहुण्याला बादली भरलेली हवी असते आणि गाइडची पतही भरलेल्या बादलीवर ठरते. ताटात वाढलेले सगळे संपवलेच पाहिजे, असा काहीसा हा हिशोब. पण कायद्याने दिलेली मर्यादा म्हणजे ‘यापुढे नाही’ एवढेच. ‘इथपर्यंत घ्याच’ असे ती म्हणत नाही.

यावर गाइड मंडळींचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. ते सांगतात की स्कॅलपची संख्या मुळातच वर-खाली होत असते. वादळे, गोड्या पाण्याचे लोंढे, विषारी शैवालाचा फुलोरा यांचा फटका हौशी माणसांच्या पिशव्यांपेक्षा मोठा असतो. हे खरे आहे. २०१५ च्या अखेरीस सेंट जोसेफ उपसागरात रेड टाइड आली आणि तेथील स्कॅलप इतके घटले की पुढच्या वर्षीपासून ते पुन्हा वाढवण्याचे काम हाती घ्यावे लागले. टँपाच्या उपसागरातून तर ते १९६० च्या दशकातच जवळपास नाहीसे झाले होते, आणि तेथे दोष गाळ उपसण्याचा आणि सांडपाण्याचा होता. २०२३ मध्ये इडालिया आणि २०२४ मध्ये हेलीन ही चक्रीवादळे याच किनाऱ्यावर आदळली.

मात्र निसर्ग लहरी आहे म्हणून माणसाने निर्धास्त व्हावे, हा निष्कर्ष यातून निघत नाही. उलट जे पीक एका वादळात बुडू शकते, त्याचे बियाणे जास्त राखावे, हे कोणताही शेतकरी सांगेल. म्हणून तारखा आधी जाहीर असाव्यात, गावांच्या पोटापाण्याचे गणित बिघडू नये. पण दरडोई मर्यादा त्या वर्षीच्या मोजणीवर ठरावी. चांगल्या वर्षी दोन गॅलन, कमी वर्षी एक. जूनमध्ये निम्मी मर्यादा ठेवता येते, तर अशक्तपणाच्या वर्षीही ती ठेवता येईल.

गवताचेही तसेच. स्कॅलपची पिल्ले सागरी गवताच्या पात्यांना चिकटून वाढतात. उथळ पाण्यात बोटीचा पंखा गवतात घुसला तर मुळासकट चर पडतो आणि तो भरून यायला वर्षे लागतात. एक घाईत असलेला चालक शंभर पिशव्यांपेक्षा अधिक नुकसान करू शकतो. जाणता गाइड इंजिन उचलून, भरती-ओहोटी पाहून बोट नेतो. त्याला पैसे द्यायचे ते या जाणतेपणाचे.

आरोग्याच्या बाबतीतही हाच गाइड पाहुण्यांचा पहिला सल्लागार असतो. त्याने दोन धोके वेगवेगळे समजावून द्यायला हवेत, कारण बहुतेकांच्या मनात त्यांची सरमिसळ असते. पहिला जिवाणूंचा. कोमट, मचूळ पाण्यात व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जिवाणू निसर्गतःच असतो. पायाला जखम असेल तर तेथून, आणि कच्चे शिंपले खाल्ले तर पोटातून तो शरीरात शिरतो. यकृताचा आजार, मधुमेह किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना तो जिवावर बेतू शकतो. उपाय सोपे आहेत. उघडी जखम घेऊन पाण्यात उतरू नये, शिंपले लगेच बर्फात ठेवावेत, पूर्ण शिजवूनच खावेत.

दुसरा धोका शैवालाच्या विषाचा, आणि तेथे शिजवणे कामाला येत नाही. काही सूक्ष्म शैवाले विष तयार करतात, पाणी गाळून खाणारे शिंपले ते साठवतात. ते उकळून, तळून नष्ट होत नाही. चव आणि वासही बदलत नाही. स्कॅलपच्या स्नायूत ते फारसे साठत नाही, ते मुख्यतः आतड्यात राहते. म्हणून आतडे काढून टाकणे ही केवळ स्वच्छता नव्हे, ती सुरक्षितता आहे. आणि धोक्यामुळे हंगामच थांबवला असेल तर स्नायूही खाऊ नये. २०१७ मध्ये अशाच शैवालामुळे सेंट जोसेफ उपसागराच्या भागात हंगाम पुढे ढकलावा लागला होता. तेव्हा बुकिंग रद्द झालेल्यांचा राग समजण्यासारखा होता, पण तो निर्णय योग्यच होता.

कोकण आणि गोव्यातील वाचकाला यात ओळखीचे काही दिसेल. ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या, कालवे, शिनाणे काढणे हे आपल्याकडे हौसेपेक्षा पोटाचे काम आहे आणि ते बरेचसे बायकांच्या हातचे. स्कॅलपचा फक्त स्नायू खाल्ला जातो; तिसऱ्या मात्र आतड्यासकट, रश्शासकट खाल्ल्या जातात. त्यामुळे विषारी फुलोरा आलाच तर धोका आपल्या ताटात जास्त. सप्टेंबर १९९७ मध्ये केरळातील विळिंजम येथे शिंपले खाऊन ७ जणांचा मृत्यू झाला आणि सुमारे ५०० जणांना रुग्णालयात न्यावे लागले. ओठ, जीभ बधिर होणे, मुंग्या येणे ही अशा विषबाधेची पहिली खूण. त्यावर उतारा नाही, पण वेळेत कृत्रिम श्वास मिळाला तर माणूस वाचतो. शिंपले खाल्ल्यावर असे झाले तर झोप काढून बघू म्हणत थांबू नये.

पावसाळ्यातील ६१ दिवसांची मासेमारी बंदी यांत्रिक नौकांसाठी आहे. चिखलात हाताने वेचणाऱ्यांसाठी ती नाही, आणि नसावीही. पण केरळच्याच अष्टमुडी सरोवरात तिसऱ्या काढणाऱ्यांनी डिसेंबर ते फेब्रुवारी काम थांबवायचे आणि लहान शिंपले सोडून द्यायचे ठरवले. २०१४ मध्ये त्या मासेमारीला आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रही मिळाले. तेथे वेचणाऱ्यांनीच विणीचा काळ ओळखला, हे त्यातले महत्त्वाचे. निर्यातीच्या शिंपल्यांना लागणारी दक्षता गावच्या बाजारालाही लागते. खाडीच्या पाण्याची नियमित तपासणी आणि तिचा निकाल वेचणारीच्या कानापर्यंत पोहोचणे, एवढी अपेक्षा जास्त नाही.

समुद्र किती देईल हे सांगणारी यंत्रणा फ्लोरिडाकडे आहे. तिचे ऐकणारी बोट हवी. एखाद्या गाइडने दीड गॅलनवर बोट परत वळवली, तर पाहुण्यांनी पैसे बुडाले असे समजू नये. पुढल्या वर्षीच्या फेरीची आगाऊ नोंदणी झाली असे समजावे.