फाटकावरचा नियम

दिवाळी उलटली की तेलंगणातल्या इचोड्यात 44 नंबरच्या हायवेच्या कडेने कापसाच्या गाड्या लागतात. ट्रॅक्टर, पिकअप, मधूनच एखादी बैलगाडी. जिनिंगच्या फाटकाशी एक माणूस उभा असतो, हातात ओल मोजायचं यंत्र. तो चाकावर पाय देऊन गाडीवर चढतो आणि कापसात कोपरापर्यंत हात घालतो, कारण वरचा थर उन्हाने वाळलेला असतो, खरी ओल आत असते. मग आकडा मोठ्याने सांगतो. 8 टक्क्यांपर्यंत ओल असेल तर पूर्ण हमीभाव. 8 ते 12 असेल तर भावात कपात. 12च्या वर गेली तर सीसीआयची, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाची, खरेदी नाही. आकडा सांगून झाला की तो आवारात नजर फिरवतो, कोणता काटा रिकामा, कोणत्या ढिगाशी हमाल मोकळे, आणि गाडीवाल्याला हाताने दिशा दाखवतो.

आज ज्या यंत्राबद्दल लिहायचं आहे त्याचं कामही हेच. त्याला लोड बॅलन्सर म्हणतात. मोठं संकेतस्थळ एका संगणकावर चालत नाही. मागे अनेक सर्व्हर राबत असतात आणि पुढे फाटकावर हा उभा असतो. आलेली प्रत्येक विनंती कोणाकडे धाडायची ते तो ठरवतो. सगळ्यात साधी रीत पाळीपाळीची. त्याहून शहाणी रीत म्हणजे ज्याच्या हातात काम कमी, त्याच्याकडे पाठवायचं. पण त्याची खरी ताकद वेगळ्याच गोष्टीत आहे. त्याला नियम लिहून देता येतात, छोट्या प्रोग्रामच्या रूपात, म्हणजे स्क्रिप्टच्या. सिएटलच्या एफ-5 कंपनीच्या यंत्रांत त्यांना आयरूल्स म्हणतात आणि ते जॉन औस्टरहाउट यांनी बर्कलीत तयार केलेल्या टीसीएल भाषेत लिहितात. केंब्रिजच्या झ्यूस कंपनीने यासाठी ट्रॅफिकस्क्रिप्ट नावाची स्वतःची भाषाच केली होती. एचएप्रॉक्सीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हेच काम लुआ भाषेत होतं.

स्क्रिप्टमध्ये काय असतं? विनंती आली की आधी पत्ता बघ. फोटो मागत असेल तर या सर्व्हरकडे, पैसे भरत असेल तर त्या सर्व्हरकडे. अर्धा फॉर्म भरून झालेला माणूस परत आला तर आधीच्याच सर्व्हरकडे ने, नाहीतर त्याला पहिल्यापासून भरावं लागेल. एखादा सर्व्हर आजारी दिसला तर त्याच्याकडे कोणालाच पाठवू नकोस. आणि एकाच ठिकाणाहून घाईघाईने फार विनंत्या येत असतील तर फाटक लाव.

या शेवटच्या ओळीपाशी मला थांबायचं आहे.

28 एप्रिल 2021ची दुपार आठवा. 4 वाजता 18 वर्षांवरच्या सगळ्यांसाठी कोविन हे कोविड लशीच्या नोंदणीचं संकेतस्थळ एकदमच उघडलं आणि काही मिनिटांतच अडखळलं. तरीही त्या एका दिवसात 1 कोटी 33 लाखांच्या वर नोंदणी झाली. पुढच्या काही दिवसांत प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी रिकाम्या जागा शोधणारी यंत्रं चालवली, ती दर काही सेकंदांनी कोविनला टोचू लागली. तेव्हा नियम आला: एका आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या एका क्रमांकावरून, 5 मिनिटांत जास्तीत जास्त 100 विनंत्या. हेतू योग्य होता. यंत्रांना आवर घातला नसता तर माणसांचा नंबर लागला नसता.

पण आयपी पत्ता म्हणजे माणूस नव्हे. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात मिळून सुमारे 430 कोटीच आहेत, ते कधीच पुरेनासे झाले. म्हणून इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्या एका पत्त्यामागे कितीतरी ग्राहक बसवतात. शहरातल्या फ्लॅटमध्ये एक कनेक्शन तीन-चार माणसं वापरतात. इचोड्याच्या ऑनलाइन सेंटरवर तेच एक कनेक्शन दिवसभरात सगळ्या पंचक्रोशीचं असतं. बेंगळुरूच्या टेबलावर बसून ‘एक पत्ता, इतक्या विनंत्या’ असं लिहिणाऱ्याला फाटकावरून दोन्ही सारखेच दिसतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. एका शिष्यवृत्तीच्या फॉर्मचा शेवटचा दिवस होता. ओळखीच्या एका मुलीसोबत मी सेंटरवर गेलो होतो. गुडीहत्नूर आणि नेरडीगोंड्याकडची मिळून आठ मुलं, कोणी गोंडी बोलणारं, कोणी तेलुगू, कोणी मराठी. सगळे फोन सेंटरच्या वायफायला जोडलेले. पहिल्या तिघांचे फॉर्म गेले. चौथ्याच्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ आली, 429, फार विनंत्या झाल्या. पाचव्याचं तेच, सहाव्याचं तेच. मुलांना वाटलं आपलंच काही चुकलं, म्हणून ती परत परत दाबत राहिली आणि फाटक आणखी घट्ट होत गेलं. सेंटर चालवणारा पोरगा दहावी झालेला. तो गल्ल्यावरून उठला आणि म्हणाला, ‘‘सगळे वायफाय बंद करा रे, आपापला डाटा चालू करा. इथून गेलं की त्याले वाटते एकच माणूस हाय.’’ आयपी, मर्यादा, स्क्रिप्ट यातला एकही शब्द त्याने उच्चारला नाही, पण दुखणं अचूक ओळखलं. रात्री साडेदहापर्यंत सात जणांचे फॉर्म गेले. आठव्या मुलाच्या फोनमध्ये रिचार्ज नव्हता, सेंटरवाल्याने स्वतःचा फोन त्याच्या हातात दिला.

नियम नसावेत असं मी म्हणत नाही. चांगला नियम कसा असतो ते रेल्वेकडे पाहा. आदिलाबादहून तिरुपतीला जाणाऱ्या कृष्णा एक्स्प्रेसचं तत्काळ तिकीट काढायला इचोड्याची माणसं सकाळी याच सेंटरवर येतात. पूर्वी एसी आणि स्लीपर दोन्ही 10 वाजता उघडायचं. 15 जून 2015पासून एसी 10ला आणि बिगर-एसी 11ला झालं. त्या एका तासाच्या फरकाने गर्दी दोन भागांत वाटली गेली आणि रोजगारासाठी निघालेल्या माणसाला एसीवाल्याशी झुंजायची गरज उरली नाही. त्यानंतर कळलं की पहिल्या 5 मिनिटांत लॉगिनच्या प्रयत्नांपैकी निम्म्यापर्यंत यंत्रांचे असतात. म्हणून जुलै 2025पासून तत्काळसाठी आधारची खातरजमा लागते आणि पहिली 30 मिनिटं एजंटांना फाटक बंद असतं. या नियमांत मला सगळ्यात आवडतं ते हे की ते छापून आले. कोणाला कधी आत सोडणार आणि का, हे सेंटरवाल्यालाही माहीत असतं.

आता कापसाकडे परत येऊ. 2025च्या हंगामात सीसीआयने कपास किसान ॲप आणलं. शेतकऱ्याने नोंदणी करायची, स्लॉट घ्यायचा, त्या दिवशी मिलवर माल न्यायचा. गाड्यांची रांग मोबाइलमध्ये गेली. त्यासोबत तेलंगणात जिनिंग मिलच्या एल-1, एल-2 अशा पायऱ्या केल्या, आधी पहिल्या पायरीला काम, मग खालच्यांना. लोड बॅलन्सर चालवणारा माणूस ही रचना चटकन ओळखेल. सर्व्हरांचे गट पाडायचे, पहिला गट भरला किंवा कोलमडला की दुसरा उघडायचा. सर्व्हरच्या बाबतीत ते चालतं, कारण विनंतीला खोलीतल्या या टोकाचा सर्व्हर मिळाला काय नि त्या टोकाचा काय, सारखंच. कापसाच्या गाडीला ते सारखं नाही. दारातली मिल खालच्या पायरीवर आणि वरच्या पायरीची मिल दूर असेल, तर मधल्या प्रत्येक मैलाचं भाडं शेतकऱ्याच्या खिशातून जातं. 17 नोव्हेंबर 2025पासून तेलंगणातल्या जिनिंग मिलवाल्यांनी संप पुकारला, त्यांच्या तक्रारींत या पायऱ्याही होत्या आणि एकरी 7 क्विंटलची मर्यादाही.

फाटकावरचा नियम तांत्रिक बाब म्हणून खोलीत बसून लिहिला जातो, ते मला मान्य नाही. कोण आधी आणि कोण नंतर, हे ठरवणं म्हणजे धोरण. ते तेलुगू आणि मराठीत छापून लावा. माणूस मोजायचा असेल तर त्याच्या लॉगिनवरून मोजा, पत्त्यावरून नको. आणि नियम लागू करायच्या आधी एक दिवस इचोड्याच्या सेंटरवर, आठ मुलं एका वायफायवर बसवून, तो चालवून पाहा.

आणखी एक. जिनिंगच्या फाटकावर 13 टक्के आकडा आला तर शेतकरी म्हणतो, भाऊ, दव पडलं होतं, दोन तास ऊन लागू दे, मग परत माप. तो माणूस दुपारी परत मापतो, हे मी पाहिलं आहे. 429चा नियम एप्रिल 2012मध्ये मानक म्हणून लिहिला गेला, तेव्हा त्यातही याची सोय ठेवली होती: नकार देताना किती सेकंदांनी परत यायचं, तो आकडा सोबत पाठवता येतो. स्क्रिप्टमध्ये त्याला एक ओळ लागते. त्या रात्री आठपैकी एकाही मुलाच्या पडद्यावर तो आकडा नव्हता.