दोन मिनिटांत तंबू... पण पुढे काय?

आपल्या हॉस्टेलच्या ट्रेकिंग मंडळात सध्या एकच वाद रंगलाय. गॅदरिंगच्या जमाखर्चातून उरलेल्या पैशांत यंदा मंडळाचे स्वतःचे तंबू घ्यायचे ठरले आहे. दरवेळी भाड्याचे तंबू आणा, डिपॉझिट भरा, चेन तुटलेली निघाली की दुकानदाराशी भांडा, हे एकदाचं संपेल. पण तंबू घ्यायचे कुठले? एक गट म्हणतो, 'झटपट वाले घ्या! पिशवीतून काढला, हवेत फेकला की उभा!' दुसरा म्हणतो, 'आपले काठ्या ओवायचेच बरे.' मेसमध्ये या विषयावर जेवढी डोकेफोड झाली, तेवढी एम-थ्रीच्या पेपरवरही होत नाही. शिवाय हे तंबू स्टाफमधल्या सर-मॅडमनाही कुटुंबासह सहलीला नेता यावेत, अशी सूचना आली आहे. पैसे एकदाच मिळणार, तेव्हा विचारही एकदा नीट व्हायला हवा. म्हणून हा लेखनप्रपंच.

झटपट तंबू म्हणजे काही एकच चीज नव्हे. पहिला प्रकार 'पॉप-अप'. यात लवचीक पट्टीची कडी कापडातच शिवलेली असते. गाडीच्या काचेला लावायची उन्हाची जाळी आठवा. मोठी कडी पिळली की तिची तीन छोटी वेटोळी होतात. घडी घालताना आपण जी ताकद लावतो ती पट्टीत साठून राहते आणि पट्टा सोडला की तंबू टुणकन उभा राहतो. थोडक्यात काय, एसओएमच्या पुस्तकातली स्ट्रेन एनर्जी! २००५ साली फ्रान्सच्या डिकॅथलॉनने क्वेचुआ या नावाने '२ सेकंद' तंबू आणला आणि हा प्रकार घराघरांत माहीत झाला. दुसरा प्रकार छत्रीसारखा. पाय आधीच जोडलेले असतात, ते खेचून लांब करायचे आणि वरचा सांधा अडकवायचा. तिसऱ्यात काठ्यांऐवजी हवेच्या नळ्या असतात, पंपाने फुगवायच्या.

आता फायदे. ते आहेत, आणि खरे आहेत. सरांचं कुटुंब संध्याकाळी भंडारदऱ्याला पोहोचलं, अंधार पडलाय, धाकटं रडतंय, आजीला बसायला जागा हवीय. अशा वेळी टॉर्च तोंडात धरून काठ्या ओवण्यात काय शहाणपण आहे? पावसात तर आणखी एक फायदा. आपल्या नेहमीच्या बऱ्याच तंबूंत आधी आतलं कापड उभं करतात आणि मग वरचं पावसाळी कापड टाकतात. तेवढ्या वेळात आतलं भिजून चिंब. बऱ्याच झटपट तंबूंत दोन्ही कापडं एकत्रच उभी राहतात, त्यामुळे अंथरूण कोरडं राहतं. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांच्याबरोबर मदतीला दुसरं मोठं माणूस नाही, त्यांच्यासाठी तर ही मोठीच सोय. 'खरा ट्रेकर असलं काही वापरत नाही' हा आपल्यातल्या काही जणांचा तोरा मला बिलकुल पटत नाही.

पण आपण ट्रेकला गाडीने जातो का? राजमाचीचंच घ्या. लोणावळ्याहून उधेवाडीपर्यंत साधारण १५ किलोमीटर पायपीट. मागच्या हिवाळ्यात आमच्या गटाकडे भाड्याचा एक पॉप-अप होता. त्याची घडी म्हणजे मोठ्या परातीएवढी चकती. ती सॅकमध्ये जाईना, एसटीच्या फळीवर बसेना. शेवटी सेकंड इयरच्या एका पोराने ती पाठीवर बांधली आणि वाटभर कासव म्हणून टोमणे खाल्ले. छत्रीवाल्या आणि हवेच्या मोठ्या तंबूंचं तर बोलूच नका. चार माणसांचा तंबू बऱ्याचदा सात-आठ किलोच्या पुढे जातो. साधा तंबू वाटून घेता येतो हो! एकाकडे काठ्या, दुसऱ्याकडे कापड, तिसऱ्याकडे खुंट्या. झटपट तंबूचं ओझं मात्र एकाच्याच बोकांडी.

दुसरा मुद्दा वाऱ्याचा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की तंबूवरचा दाब चौपट होतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. त्या रात्री उधेवाडीत वारा सुटला तेव्हा पॉप-अपचं छत आत झोपलेल्यांच्या नाकापर्यंत वाकत होतं. पट्टी मोडली नाही, वाकून परत येत होती, पण झोप कोणाची झाली? शेजारचे काठ्यांचे तंबू कुरकुरले, पण आकार धरून राहिले. एकमेकींवरून गेलेल्या ताठ काठ्या आणि चहूबाजूंनी ताणलेले तणावे यांची जोडीच तशी असते. आणि 'दोन मिनिटांत' या जाहिरातीत तणावे धरलेलेच नसतात! तंबू उभा दिसला की माणसाला वाटतं काम झालं. खुंट्या ठोकायच्या राहतात. आपल्या सह्याद्रीच्या कातळावर तर खुंटी शिरतही नाही, दोऱ्या दगडांना बांधाव्या लागतात. त्याला लागणारा वेळ कुठल्याही तंबूला तेवढाच.

तिसरा मुद्दा घडीचा. उघडायला दोन सेकंद, आणि मिटवायला? सकाळी तीन भावी अभियंते त्या कडीशी कुस्ती खेळत होते आणि गावातली पोरं बघून हसत होती. युक्ती कळली की जमतं, पण ती आधी ग्राउंडवर शिकायला हवी. वैतागून ओला तंबू तसाच कोंबला की बुरशी धरते आणि आतला वॉटरप्रूफ थर पुढे चिकट होऊन सुटायला लागतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुरुस्ती. साधी काठी मोडली तर वर छोटी नळी सरकवायची, चिकटपट्टी गुंडाळायची, रात्र निघते. छत्रीवाल्याचा मधला प्लॅस्टिकचा सांधा तुटला, किंवा शिवलेली कडी पिचली, तर जागेवर काय करणार? नुसत्या कापडाचा तंबू होत नाही. इंग्लंडमध्ये संगीत महोत्सव संपल्यावर मैदानात टाकून दिलेल्या स्वस्त तंबूंचा खच पडतो. वापरा आणि फेका ही सवय आपल्या गडांवर आणि धरणांच्या काठी आली तर? आधीच बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं काय कमी आहेत!

एक इशारा मात्र दोन्ही गटांसाठी. तंबू कोणताही असो, आत स्टोव्ह किंवा शेगडी पेटवायची नाही, थंडी कितीही असो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्याला तो उठवतही नाही.

तेव्हा माझं मत असं. मंडळाने ट्रेकसाठी काठ्यांचे, दोघा-तिघांचे, दुहेरी कापडाचे तंबू घ्यावेत. एखादा मोठा झटपट तंबू स्टाफच्या कौटुंबिक सहलींसाठी जरूर घ्यावा, पण गाडी तंबूच्या जागेपर्यंत जाते अशाच ठिकाणी तो द्यावा. तंबू नेणाऱ्याने आधी मेससमोरच्या ग्राउंडवर तो एकदा उभा करून, मिटवून दाखवावा. परत आला की वाळवूनच रेक्टर सरांच्या स्टोअरमध्ये जमा व्हावा. एवढे चार नियम भिंतीवर लावले तरी पैसे वाया जाणार नाहीत.

बैठकीत मी काठ्यांच्या बाजूने हात वर करणार आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर यावं आणि भांडावं. मात्र येताना आपला पॉप-अप घेऊन या, आणि तो सगळ्यांसमोर मिटवून दाखवा. वेळ मी लावतो!