‘ढ’ हा शिक्का पुसलाच पाहिजे

मराठी भाषेने आपल्या मुळाक्षरांतील एक अक्षर अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांच्या कपाळी कायमचे मारून ठेवले आहे. ‘घ’ आणि ‘ध’ यांत गोंधळणारा, जोडाक्षरापाशी अडखळणारा मुलगा गुरुजींच्या लेखी ‘ढ’ आणि आईबापांच्या लेखी आळशी ठरतो. तोच मुलगा ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगतो, बाजारहाटाचा हिशेब तोंडी करतो. पण त्याची नोंद प्रगतिपुस्तकात कोठेच होत नाही.

हे कोडे नवे नाही. इंग्लंडमधील डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ साली १४ वर्षांच्या अशाच एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली होती. सारे शिक्षण तोंडी असते तर हाच शाळेतला सर्वांत हुशार विद्यार्थी ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत होते. पुढील संशोधनाने दाखवून दिले की, बहुतेक वेळा उणीव बुद्धीत नसते; शब्दातील ध्वनी सुटे करणे आणि त्यांची अक्षरांशी सांगड घालणे तेवढे जड जाते. याच अवस्थेला ‘डिस्लेक्सिया’ म्हणतात.

मग उपाय काय? पालकांच्या या चिंतेवर आज मोठा बाजार उभा आहे. स्मरणशक्ती वाढवणारे खेळ, मेंदूला चालना देणारे वर्ग यांच्या जाहिरातींना तोटा नाही. अशा सरावाने मूल त्या खेळात तरबेज होते. परंतु त्यामुळे त्याचे वाचन वा गणित सुधारते, याला भक्कम पुरावा नाही. असे खेळ विकणाऱ्या ‘ल्युमॉसिटी’च्या चालकांना फसव्या जाहिरातींच्या आरोपावरून अमेरिकेत २०१६ साली २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावे लागले, हे पालकांनी ध्यानात ठेवावे. पोहणे शिकायचे तर पाण्यातच उतरावे लागते. ध्वनी व अक्षर यांचा क्रमवार, सावकाश आणि रोजचा सराव हाच वाचनाचा खरा मार्ग. तो खर्चिक नाही; मात्र त्याला जाणता आणि धीराचा शिक्षक लागतो.

गोव्यात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. पुष्कळ मुले घरी कोकणी बोलतात, प्राथमिक शाळेत मराठीतून शिकतात आणि पाचवीत इंग्रजी माध्यमाला सामोरी जातात. अडचण भाषाबदलाची की वाचनाची, हे ओळखण्यातच वर्षे निघून जातात. त्यातच देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहायची आणि उच्चारायची मात्र नंतर, असे बारकावे आहेत. अशा ठिकाणी अडखळणाऱ्या मुलाला छडी नको, वेळ हवा.

२०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली, आणि त्याच्या १६ व्या कलमाने ती लवकर ओळखून योग्य अध्यापन करण्याची जबाबदारी शैक्षणिक संस्थांवर टाकली. परीक्षेत अधिक वेळ किंवा लेखनिक देणे रास्तच आहे. पण सवलतीने परीक्षा पार पडते, वाचता येत नाही. प्रमाणपत्र हाती येईपर्यंत मदत रोखून धरणे तर सर्वस्वी अनुचित होय.

ज्यांची शाळा केव्हाच सुटली, त्या प्रौढांचाही विचार व्हावयास हवा. बँकेतला अर्ज दुसऱ्याकडून भरून घेणारे, चष्मा घरी राहिल्याची सबब सांगणारे कितीतरी लोक आपल्या आसपास आहेत. योग्य सरावाने प्रौढपणीही वाचन सुधारते. आड येतो तो केवळ संकोच.

आमची मागणी साधी आहे. पहिली-दुसरीच्या प्रत्येक शिक्षकाला या पद्धतीचे प्रशिक्षण मिळावे, आणि गावोगावच्या वाचनालयांनी संध्याकाळचा एक तास अशा प्रौढांसाठी राखून ठेवावा. देवळे आणि सभागृहे बांधण्यास सढळ हाताने देणाऱ्या आमच्या समाजाला हा खर्च जड वाटू नये. ‘ढ’ हे मुळाक्षरांतले अक्षर आहे. त्याची जागा पाटीवर आहे, मुलाच्या कपाळावर नव्हे.