ओट्याची भेग आणि बांधाची खांड

भाताची झोडणी संपली कीं पेण-रोह्याकडील आमचे शेतकरी बंधू खारबंदिस्तीच्या डागडुजीस लागतात. परंतु घरच्या सिमेंटच्या ओट्यास वा पायरीस भेग गेली, तर वरून पातळ हात फिरवून मोकळे होतात. आमच्या मतें ही दुरुस्ती नव्हे.

खारी हवा व ओल भेगेंतून सळईपर्यंत पोंचते. सळई गंजते, गंज फुगतो व वरचा थर सुटतो. म्हणून पोकळ वाजणारा भाग छिन्नीनें काढावा, गंज तारेच्या ब्रशानें घासावा, जागा धुवून सिमेंटचा दाट राप द्यावा आणि तो ओला असतांच एक भाग सिमेंट व तीन भाग रेती असा माल दाबून भरावा. रोह्याच्या खालीं कुंडलिकेंत व पेणच्या खालीं भोगावतींत भरतीचें पाणी चढतें. तेथील खारी रेती मुळींच वापरूं नये. नंतर निदान 7 दिवस ओलें गोणपाट ठेवावें. गच्चीच्या वा तुळईच्या सळया उघड्या पडल्या असल्यास मात्र जाणत्यास दाखवावें.

खेंकड्याचें बीळ वेळीं न बुजविल्यास उधाणांत बांधास खांड जाते, हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस आम्हीं याहून अधिक काय सांगावें?