परीकथेतला ख्रिस्त आणि आपली मुले

इंग्रजी बालकथांमध्ये ख्रिस्ती धर्मविचार दडलेला असतो, मग ती पुस्तके मुलांच्या हाती द्यावीत काय, असा प्रश्न सुजाण पालकही विचारतात. प्रश्नाचा पूर्वार्ध खरा आहे. सी. एस. लुईस यांच्या १९५० सालच्या ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’मधील अस्लान हा सिंह अपराधी मुलासाठी प्राण देतो आणि पुन्हा उठतो, ही ख्रिस्तकथाच होय. तथापि मुलाच्या हाती लागते ते काय? कपाटातून निघालेली बर्फातली वाट आणि सिंहाच्या आयाळीची ऊब. पांडव वनवासात पांडवकड्याच्या धबधब्याखाली स्नान करीत, ही आख्यायिका ऐकणाऱ्या खारघरच्या मुलाला धर्मशास्त्र दिसत नाही, पाण्याखाली उभा भीम दिसतो.

उपदेश पुढे झाला की मूल मागे सरते. बनियनचे रूपक ‘यात्रिक क्रमण’ या नावाने १८४१ मध्येच मराठीत आले. छापखाना व भांडवल मिशनऱ्यांच्या हाती होते. परंतु पुरवठा झाला म्हणजे मागणी निर्माण होतेच असे नाही! सद्गुण-दुर्गुणांचीच नावे धारण करणारी ती पात्रे मराठी मुलांची सवंगडी झाली नाहीत.

लुईस यांच्याविषयी माझा आक्षेप निराळा आहे. त्यांच्या नार्निया मालेतील शत्रुराज्याची माणसे सावळी, फेटेवाली आणि बहुधा क्रूर रंगवलेली आहेत. शिक्षकाने तेथे पुस्तक मिटू नये, मुलांशी बोलावे.

राहिली धर्मांतराची धास्ती. रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांच्या अहमदनगरच्या घरी त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी, मुलासारखे राहिले; लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त त्यांचे लोभस दर्शन घडते. त्या घरात प्रार्थना होती, ख्रिस्तभक्ती होती आणि फुलांमुलांवर जीव टाकणारा यजमान कवी होता. ठोंबऱ्यांनी त्यातून काय उचलले, याचा निश्चित हिशेब कोणी मांडू शकणार नाही. ते ख्रिस्ती मात्र झाले नाहीत. पुढे त्यांनी ‘फुलराणी’ लिहिली आणि एका कळीचे सूर्यकिरणाशी लग्न लावले. त्या लग्नात वारा सनई वाजवतो.