द्राक्षं मोजली, नदी राहिली

नरकचतुर्दशीच्या पहाटे उटणं लावून पहिला तांब्या अंगावर घेताना सात नद्यांना बोलावण्याची आपल्याकडची रीत जुनी. गंगा-यमुना येतात, गोदावरी येते आणि सिंधूही येते. फाळणी होऊन इतकी वर्षं झाली, तरी सिंधूला त्या यादीतून कुणी वगळलेलं नाही. त्याच सिंधूच्या खोऱ्यात, रावीच्या काठी लाहोर वसलं आहे. जगातल्या नद्यांमध्ये औषधांचे अंश किती आहेत हे पाहण्यासाठी झालेल्या तोवरच्या सर्वांत मोठ्या पाहणीत लाहोरचा पहिला नंबर लागला. मिरवावा असा तो नव्हता. एका लिटरमागे सरासरी ७०.८ मायक्रोग्रॅम औषधं तिथल्या पाण्यात सापडली.

इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेली ही पाहणी फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. १०४ देश, २५८ नद्या, १,०५२ ठिकाणं, ६१ औषधं आणि निबंधाच्या माथ्यावर १२७ संशोधकांची नावं. यातल्या ३६ देशांत असलं काही त्यापूर्वी कुणी मोजलंच नव्हतं. आकडे भारदस्त आहेत, पण आम्हाला भावली ती कामाची पद्धत. सगळ्यांची कृती एकच: नदीतून पाणी काढायचं, सिरिंजने गाळणीतून दाबून काचेच्या इवल्याशा कुपीत भरायचं, गोठवायचं आणि कुरिअरने यॉर्कला धाडायचं. तपासणी एकाच प्रयोगशाळेत. दिल्लीचा आकडा एका यंत्रावरचा आणि बोलिव्हियातल्या ला पाझचा दुसऱ्या यंत्रावरचा असता, तर भांडण नद्यांचं न राहता यंत्रांचं झालं असतं. आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे परिषदा, झेंडे आणि शाली येतात. इथे ते कुपीच्या मापात आणि गाळणीच्या छिद्रात होतं.

लाहोरपाठोपाठ ला पाझ आणि इथिओपियातलं अदिस अबाबा. एकही औषध सापडलं नाही अशा जागा दोनच: एक आइसलंडमध्ये, दुसरी व्हेनेझुएलातल्या यानोमामी आदिवासींच्या गावाजवळ, जिथे आधुनिक औषधं वापरलीच जात नाहीत. फिट्सवरचं कार्बामाझेपिन, मधुमेहावरचं मेटफॉर्मिन आणि आपल्या चहा-कॉफीतलं कॅफीन ही तिन्ही निम्म्याहून अधिक ठिकाणी सापडली. मेटफॉर्मिन तर घरचंच. ऐन दिवाळीत फराळाच्या ताटाशेजारी ज्या गोळीची पट्टी असते, तीच ही. शरीर ती मोडत नाही. काम झालं की लघवीवाटे जशीच्या तशी बाहेर टाकतं. सांडपाण्याची केंद्रं उभारली गेली ती मैल्याचा बंदोबस्त करायला. कार्बामाझेपिनसारखं चिवट रसायन त्यांतून जवळपास अखंड निसटतं.

मायक्रोग्रॅम, नॅनोग्रॅम म्हटलं की वाचक जांभई देतो, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून पुणेकरांच्या भाषेत सांगतो. खडकवासला धरण काठोकाठ भरलं की जवळपास दोन टीएमसी पाणी होतं. एका लिटरला एक नॅनोग्रॅम हे प्रमाण धरलं, तर अख्ख्या धरणात मिळून छप्पन्न ग्रॅम. एवढ्याने काय बिघडतं? कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी प्रयोगासाठी राखून ठेवलेल्या एका तळ्यात २००१ पासून तीन उन्हाळे गर्भनिरोधक गोळीतलं संप्रेरक सोडलं. प्रमाण लिटरला पाच-सहा नॅनोग्रॅम. नर मासे मादीसारखे होत गेले आणि फॅटहेड मिनो ही चिमुकली जात त्या तळ्यातून जवळपास नाहीशी झाली.

हा झाला थेंबाचा हिशेब. हैदराबादजवळच्या पाटणचेरूचा हिशेब निराळा आहे. तिथल्या नव्वदेक औषध कारखान्यांचं सांडपाणी एका सामायिक प्रक्रिया केंद्रात जात असे. स्वीडनच्या योआकिम लार्सन आणि सहकाऱ्यांनी प्रक्रिया होऊन बाहेर पडणारं पाणी तपासलं आणि २००७ मध्ये निष्कर्ष छापले. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत. औषध घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातही ते इतकं नसतं. दिवसाला ४५ किलो, म्हणजे पाचशे मिलिग्रॅमच्या नव्वद हजार गोळ्या रोज ओढ्यात. अशा पाण्यात जे जंतू तगतात, ते औषधाला न जुमानणारेच असतात. तो ओढा पुढे मांजरेला मिळतो. बीडच्या बालाघाटात उगम पावणारी, लातूरला पाणी पाजणारी हीच मांजरा. पाटणचेरूचं पाणी पोटात घेऊन ती कंदकुर्तीला, नांदेडच्या सीमेवर, गोदावरीला मिळते.

यावर आपण काय केलं? जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने कारखान्यांच्या सांडपाण्यात प्रतिजैविकांचे अंश किती असावेत याच्या मर्यादा मसुद्यात घातल्या. जगाने दखल घेतली, कारण असं धाडस फारसं कुणी केलं नव्हतं. २०२१ मध्ये अंतिम नियम आले आणि त्यातून त्या मर्यादाच गायब झाल्या. मोजणं अवघड आहे, ही सबब अशा वेळी नेहमी हाताशी असते.

ती खरी नाही. २०१० साली युरोपने आपली द्राक्षं अडवली होती. बागायतदार ज्याला लिहोसिन म्हणतात, त्या क्लोरमेक्वाटचे अंश घडांत निघाले. नाशिकचे बागायतदार तो हंगाम विसरलेले नाहीत. पण त्यातून आपण शिकलो. आज निर्यातीच्या द्राक्षाचा नमुना प्रयोगशाळेत गेल्याशिवाय कंटेनर हलत नाही, आणि या तपासण्यांवर देखरेख ठेवणारी राष्ट्रीय प्रयोगशाळा पुण्याजवळ मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रात आहे. यॉर्कला ज्या जातीच्या यंत्रावर नद्यांचं पाणी तपासलं, त्याच जातीची यंत्रं आपल्या प्रयोगशाळा द्राक्षांसाठी चालवतात. यंत्र आहे, माणूस आहे, पद्धत आहे. निफाडचा घड रॉटरडॅमला जायचा असेल, तर कणाकणाचा हिशेब. त्याच बागेखालून वाहणाऱ्या गोदावरीच्या नेहमीच्या तपासणीत मात्र प्राणवायू आणि मैल्याचे जंतू यांपलीकडे फारसं काही नाही. औषधांचा रकानाच नाही. कारण उघड आहे: घडाला परदेशी गिऱ्हाईक आहे, नदीला नाही.

खर्च कुणी करायचा, हा पुढचा प्रश्न. स्वित्झर्लंडने २०१६ पासून सांडपाण्यावर ओझोन किंवा सक्रिय कोळशाची जादा पायरी चढवायला घेतली आणि त्यासाठी माणशी वर्षाला नऊ फ्रँकपर्यंत आकारणी लावली. युरोपीय संघाने २०२४ च्या नव्या कायद्यात या पायरीचा किमान ८० टक्के खर्च औषध आणि सौंदर्यप्रसाधनांच्या उत्पादकांवर टाकला. कंपन्या कोर्टात गेल्या आहेत, त्या जाणारच होत्या. आपल्याकडे निम्मं सांडपाणी साध्या प्रक्रियेलाही पारखं असताना ओझोनची भाषा करणं हा शहाणपणा नव्हे, असं आमचं मत आहे. आधी मैला अडवा. पण मोजायला ओझोन लागत नाही.

यंदाच्या अंकात पाण्यावर स्वतंत्र विभाग आहे, त्याच्या पाठीशी हीच मागणी आहे. गोदावरी, भीमा, मुळा-मुठा, मांजरा, पंचगंगा यांवरची मोजकी ठिकाणं धरा, ऋतुगणिक नमुने घ्या, दहा-बारा औषधांपासून सुरुवात करा आणि निकाल मराठीत जाहीर करा. कुप्या यॉर्कला पाठवायच्या असतील तर खुशाल पाठवा, पण तोच नमुना इथेही तपासा आणि दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापा. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून या मागणीला काही उत्तर आलं, तर पुढच्या अंकात ते जागा न कापता छापू.



— संपादक